मेण घडवताना धातूचा विचार

कलावर्गात बराच काळ मातीकाम केल्यानंतर मी ब्राँझ ओतकामाच्या अभ्यासक्रमात नाव घातले, आणि आता माझे मेणशिल्प धातूत उतरून झाल्यावर त्या शिक्षणाविषयी सविस्तर लिहावे असे वाटते. मेण म्हणजे न वाळणारी, न तडकणारी माती, अशा समजुतीने बहुतेक विद्यार्थी या वर्गात येतात. ती समजूत लवकरच गळून पडते. मातीचे शिल्प भाजून ठेवले की ते स्वतःच एक पुरी झालेली वस्तू असते. मेणाचे शिल्प मात्र पुढे धातूने भरायच्या पोकळीचा आकार असतो. त्यामुळे ते घडवताना नजरेसमोर जितका आकार असावा लागतो, तितकाच तो आकार भरत जाणारा वितळलेला धातूही असावा लागतो, आणि माझे स्पष्ट मत असे झाले आहे की कलावर्गांत ही दुसरी गोष्ट फार उशिरा, शिल्प जवळजवळ पुरे झाल्यावर शिकवली जाते. ती पहिल्या दिवसापासून शिकवली पाहिजे.

पद्धत सांगायला सोपी आहे. शिल्प मेणात घडवायचे, धातू आत येण्यासाठी आणि हवा बाहेर जाण्यासाठी त्याला मेणाच्याच कांड्या जोडायच्या, या सगळ्यावर उष्णता सोसणाऱ्या मिश्रणाचा लेप चढवायचा, तो पुरता वाळला की तापवून आतले मेण काढून टाकायचे आणि रिकाम्या झालेल्या जागेत वितळलेले ब्राँझ ओतायचे. धातू निवला की साचा फोडायचा. वर्गात सगळे या पद्धतीला लॉस्ट वॅक्स, म्हणजे 'हरवलेले मेण', असेच म्हणतात. ती अतिशय जुनी आहे. मृत समुद्राजवळच्या नहाल मिशमार येथील गुहेत १९६१ मध्ये चारशेहून अधिक, बहुतांशी तांब्याच्या, वस्तूंचा साठा सापडला. त्यांतल्या अनेक वस्तू याच पद्धतीने ओतलेल्या असून त्यांचे वय सुमारे सहा हजार वर्षे मानले जाते. मोहेंजोदडो येथे १९२६ मध्ये मिळालेली नर्तकीची मूर्ती तर आपल्या ओळखीचीच आहे. जेमतेम साडेदहा सेंटिमीटर उंचीच्या त्या मूर्तीचा एक हात कमरेवर टेकलेला असून हात आणि धड यांच्यामध्ये आरपार फट आहे, आणि दुसरा हात बांगड्यांनी भरलेला आहे. दोन भागांच्या, उघडझाक करता येणाऱ्या साच्यातून असा आकार सुखरूप बाहेर काढणे जिकिरीचे असते. साचा फोडूनच टाकायचा असेल, तर मात्र फटी, खाचा, आत वळलेल्या कडा यांची काहीच अडचण उरत नाही. मेणात काम करणाऱ्याला मिळणारे हे सर्वांत मोठे स्वातंत्र्य आहे, आणि मातीतून साचे काढण्याची सवय असलेल्या माझ्यासारखीला ते अंगवळणी पडायला वेळ लागतो.

मेणाचे प्रकार आधी ओळखून घ्यावे लागतात. मधमाशांचे मेण साधारण ६२ ते ६४ अंश सेल्सिअसला वितळते, हाताच्या उबेने मऊ होते आणि चिवट असते. पॅराफिन स्वस्त आणि स्वच्छ असते, पण थंड झाल्यावर ठिसूळ होऊन वाकवताना कटकन तुटते. शिल्पकारांच्या वापरात हल्ली सर्वाधिक असते ते मायक्रोक्रिस्टलाइन मेण; हेही खनिज तेलापासूनच मिळते, परंतु पॅराफिनपेक्षा त्याचे स्फटिक फार बारीक असल्यामुळे ते लवचीक राहते आणि वाकवले तरी सहसा तुटत नाही. कडकपणा हवा असेल तर त्यात राळ मिसळतात, मऊपणा हवा असेल तर थोडे तेल. आमच्या वर्गात गडद तपकिरी रंगाचे मिश्रण वापरतात आणि त्या रंगामागे सोय आहे. पिवळसर किंवा पांढरे मेण अर्धपारदर्शक असल्याने उजेड त्याच्या आत शिरतो, सावल्या पुसट होतात आणि पृष्ठभागावरचे उंचसखलपण डोळ्यांना दिसतच नाही. बोट फिरवले की कळते, बघून कळत नाही. ब्राँझ मात्र संपूर्ण अपारदर्शक आणि चकचकीत असते आणि मेणात लपलेला प्रत्येक ओबडधोबडपणा उजेडात आणून ठेवते. म्हणून नवशिक्याने गडद मेणच घ्यावे आणि एका बाजूने तिरका दिवा लावून काम करावे.

मातीत ओलावा सांभाळावा लागतो, मेणात तापमान. हे एक वाक्य सगळे शिक्षक सांगतात, पण त्याचा अर्थ हातालाच कळावा लागतो. कोमट पाण्यात ठेवलेले मेण कणकेसारखे मळता येते, त्याच्या पट्ट्या लाटता येतात, गोळ्यावर गोळा बसवता येतो. तेच मेण खोलीच्या तापमानाला आले की सुरीने कापावे, तासावे, खरवडावे. बर्फाच्या पाण्यात बुडवले की कानशीने घासण्याइतके कडक होते. स्पिरिटच्या दिव्यावर तापवलेले पोलादी हत्यार टेकवले तर मेण तेवढ्याच ठिकाणी वितळते आणि दोन तुकडे एकजीव होतात. एकाच पदार्थात भर घालण्याचे आणि काढून टाकण्याचे, मळण्याचे आणि कोरण्याचे काम एकाच वेळी करता येते, ही गोष्ट दगडात नाही, लाकडात नाही, मातीतही इतकी मोकळेपणाने नाही. मात्र जोड पुरता वितळवून घ्यावा लागतो. वरवर दाबून चिकटवलेला तुकडा दिसायला पक्का वाटतो, पण लेपात बुडवताना, अगदी नको तेव्हा, अलगद सुटून येतो.

मेण वितळवायचे ते नेहमी पाण्याच्या भांड्यात ठेवलेल्या दुसऱ्या भांड्यात किंवा थर्मोस्टॅट असलेल्या विद्युतपात्रात, उघड्या आचेवर कधीही नाही. फार तापलेले मेण धुरावते आणि पुढे पेट घेते, आणि पेटलेल्या मेणावर पाणी टाकले तर पाण्याची क्षणात वाफ होऊन जळते मेण चहूकडे उडते. झाकण ठेवून आग गुदमरवायची असते. हे ज्याला ठाऊक नाही त्याने मेणाचे भांडे हाताळूच नये.

वर्गात विषय प्रत्येकाने आपापला निवडायचा होता. मी खेकडा निवडला: तळहाताएवढी पाठ, दोन नांग्या, आठ पाय आणि सगळे अवयव वेगवेगळ्या जाडीचे. निवड जाणूनबुजून केली होती, कारण धातू बारीक भागांत कसा पोहोचतो तेच मला शिकायचे होते. पायासाठी मेणाची निमुळती कांडी ओढून तिला सांध्यांवर वाकवायचे. मग प्रत्येक खंडाच्या दोन्ही कडांना तापलेल्या सुईने एकेक बारीक रेघ वितळवून चढवायची, म्हणजे खंडाची कड किंचित उठून दिसते. शेवटच्या खंडाला वरून आणि खालून हलके चेपायचे आणि टोकाकडे खरवडून धार आणायची. सांध्याच्या आतल्या बाजूला जी खोलगट घडी असते, तिथे हत्यार न टेकवता नुसता त्याच्या उबेचा स्पर्श द्यावा लागतो. मेण तिथे क्षणभर चमकते, ओघळायच्या बेतात येते, आणि नेमक्या त्या वेळी हत्यार मागे घेतले तर घडी नैसर्गिक, मऊ दिसते. अर्धा सेकंद उशीर झाला तर सांधा भरून जातो आणि पाय नळीसारखा दिसू लागतो. टर्पेंटाइनमध्ये भिजवलेल्या मऊ फडक्याने पुसले की हत्याराच्या खुणा जातात. सगळ्याच घालवू नयेत असे मला वाटते. पाठीवर मी बोटांचे ठसे राहू दिले आणि ते ब्राँझमध्ये जसेच्या तसे, रेषारेषांनी उतरले आहेत. गुळगुळीत केलेल्या मेणाला ओतल्यावर जी यंत्रातून निघाल्यासारखी कळा येते, ती मला कधीच आवडलेली नाही.

वर्गातल्या एकाने विचारले, "खरा खेकडाच लेपात का नाही बुडवत?" आमच्या सरांनी त्या प्रश्नाला पुरता वेळ दिला. पान, डहाळी, दोरी, फळ असे पुरते जळून जाणारे काहीही मेणाऐवजी वापरता येते, आणि सोळाव्या शतकात न्यूरेंबर्गच्या वेन्त्सेल याम्निट्सर या सुवर्णकाराने प्रत्यक्ष वनस्पती आणि लहान प्राणी यांच्यावरून चांदीत केलेले ओतकाम आजही प्रसिद्ध आहे. पण खेकड्याच्या कवचात चुना असतो. तो जळून नाहीसा होत नाही, राख होऊन पोकळीतच राहतो, आणि ती राख बाहेर काढता आली नाही तर धातूत तेवढी भोके पडतात. जे साच्यातून निघून जाणार नाही ते साच्यात घालायचे नाही, हा नियम त्या चर्चेतून इतका स्पष्ट झाला की मग मेणात आधारासाठी तार घालावी का, खिळा ठेवावा का, असले प्रश्न कोणी विचारले नाहीत.

शिल्प भरीव ठेवायचे की पोकळ, हा पुढचा निर्णय. लहान वस्तू भरीव चालते. दक्षिणेतल्या चोळकालीन कांस्यमूर्तींपैकी बहुतेक भरीवच ओतलेल्या आहेत. पण धातू गोठताना आकसतो, आणि जाड भाग बाहेरून आधी गोठून आतून द्रव राहिला तर शेवटी आत पोकळ्या किंवा पृष्ठभागावर खळगे पडतात. वजन आणि धातूचा खर्च हे वेगळेच. म्हणून मुठीपेक्षा मोठ्या वस्तूची भिंत चार ते सहा मिलिमीटर आणि शक्यतो सगळीकडे सारखी ठेवतात. रबराच्या साच्यात गरम मेण ओतून, फिरवून, उरलेले परत ओतून घेतले की असा पातळ थर सहज मिळतो. मी थेट मेणात काम करत असल्याने खेकड्याची पाठ लाटलेल्या पट्टीतून वाकवून घेतली, पोट उघडे ठेवले आणि पोटाची पाटी वेगळी करून स्वतंत्र ओतायचे ठरवले. पोट उघडे राहिल्याने लेप आतपर्यंत पोहोचतो, आणि आतला गाभा, म्हणजे पोकळीत भरलेले लेपाचे मिश्रण, जागेवर धरून ठेवण्यासाठी ज्या पिना टोचाव्या लागतात त्यांची गरज उरत नाही.

थेट मेणात केलेले काम ओतले की मूळ नाहीसे होते. ओतकाम फसले तर सगळेच गेले. रबराचा साचा आधी काढून ठेवला तर मेणाच्या हव्या तितक्या प्रती निघतात, आणि व्यवसाय म्हणून हे काम करणारे जवळजवळ सगळे हाच मार्ग धरतात. फ्रेंच चित्रकार एद्गार देगाने मेणात आणि मातीत आयुष्यभर आकृती केल्या, पण हयातीत त्याने लोकांसमोर मांडली ती १८८१ मधली चौदा वर्षांच्या नर्तकीची एकच मेणमूर्ती. आज जगभरच्या संग्रहालयांत दिसणारी त्याची ब्राँझशिल्पे १९१७ मध्ये तो वारल्यानंतर ओतलेली आहेत, आणि मूळ मेणे वाचली ती त्यांच्यावरून साचे काढून दुय्यम प्रती ओतल्यामुळे. शिकणाऱ्याने मात्र थेट मेणातच, काही हाती न ठेवता काम करावे. प्रत हाताशी आहे हे माहीत असले की कांड्या जोडताना माणूस ढिला पडतो.

आणि या कांड्यांपाशीच खरे शिक्षण सुरू होते. वरच्या टोकाला मेणाचा पेला असतो. धातू तिथून आत शिरतो. पेल्याखाली मुख्य कांडी, तिला स्प्रू म्हणतात. तिच्यातून फुटून शिल्पापर्यंत जाणाऱ्या आखूड कांड्या म्हणजे गेट. शिल्पाच्या वरच्या टोकांपासून परत वर जाणाऱ्या बारीक कांड्या म्हणजे व्हेंट. पोकळीतली हवा आणि वायू त्यांच्यातून निसटतात. एवढी चार नावे पाठ करायला अवघड नाहीत. अवघड आहे ते शिल्प हातात धरून, उलटेसुलटे करून, "इथून धातू आला तर कुठे आधी पोहोचेल, कुठे अडेल, कुठली हवा कोंडली जाईल, शेवटी काय गोठेल" याचा विचार करणे. खेकडा जसा जमिनीवर बसतो तसा आडवा ठेवून ओतला असता तर पाठीच्या घुमटाखाली हवा कोंडली असती आणि पाठीला मधोमध भोक पडले असते. म्हणून तो उभा केला, मागची कड खाली आणि नांग्या वर, आणि तोही थोडा कलता. धातू खालून शिरून शांतपणे वर चढावा अशी ही रचना होती, कारण वरून धबधब्यासारखा पडणारा धातू खळबळतो, हवा ओढून घेतो आणि साच्याचे कण खरवडून सोबत नेतो. उभा केल्यावर पुढचे पाय वर वळले, त्यामुळे त्यांच्या टोकांना व्हेंट लावले की भागले. मागच्या दोन जोड्या मात्र खाली झुकलेल्या राहिल्या. त्यांच्या टोकांशी धातू थेट पोहोचावा म्हणून स्प्रूपासून स्वतंत्र गेट दिले. दोन शेजारच्या पायांमध्ये बारीक पूल बांधून धातूला आडवाट करून द्यावी, असे सरांनी सुचवले. कोळ्याच्या जाळ्यासारखे दिसणारे ते काम पाहून एका वर्गमैत्रिणीने आता खेकडा कुठे आहे ते शोधून दाखव असे म्हटले, आणि तिचे म्हणणे खोटे नव्हते.

गेट कुठे लावावे याचे दोन नियम एकमेकांच्या विरुद्ध जातात. धातूच्या दृष्टीने ते सर्वांत जाड भागाला लावावे, म्हणजे तो भाग गोठून आकसत असताना त्याला गेटमधून द्रव धातू मिळत राहतो. आणि गेट स्वतः त्या भागापेक्षा आधी गोठू नये इतके जाड असावे. शिल्पाच्या दृष्टीने ते अशा जागी लावावे जिथे पुढे ते कापून, घासून, मूळ पृष्ठभाग पुन्हा घडवणे सोपे जाईल. चेहऱ्यावर, बारीक नक्षीवर, ठसे राखायच्या पृष्ठभागावर लावलेले गेट म्हणजे नंतर छिन्नीने कितीतरी तास काम. खेकड्याच्या नांगीचा फुगीर भाग सर्वांत जाड आणि सर्वांत देखणाही होता. मी गेट नांगीच्या खालच्या, जमिनीकडल्या बाजूला दिले. जोडाशी कोपरा टोकदार राहू नये, मेण भरून तो गोलसर करावा हेही तितकेच महत्त्वाचे, कारण टोकदार कोपऱ्यातला लेपाचा पातळ पापुद्रा धातूच्या झोताने तुटतो आणि शिल्पात जाऊन बसतो.

दूरच्या टोकाला धातू पोहोचण्याची चिंता आजची नाही. इटालियन शिल्पकार बेनव्हेनुटो चेल्लिनीने फ्लॉरेन्समध्ये पर्सियस या ग्रीक पुराणातल्या वीराचा जो प्रचंड पुतळा ओतला आणि ज्याचे अनावरण १५५४ मध्ये झाले, त्याविषयी त्याने स्वतःच लिहून ठेवले आहे. पेल्यापासून सर्वांत दूर, पार तळाशी असलेले एक पाऊल पुरे भरणार नाही, असे त्याने फ्लॉरेन्सचा सत्ताधीश ड्यूक कोसिमो याला ओतण्याआधीच सांगितले होते. ड्यूकला ते पटले नाही. साचा फोडल्यावर टाच आलेली होती, बोटे आलेली नव्हती. ओतकाम चालू असताना धातू घट्ट होऊ लागला म्हणून त्याने घरातली कथलाच्या ताटवाट्या भट्टीत टाकल्या, ही त्या कथेतली गोष्ट सगळ्यांना आवडते. मला मात्र ते पाऊल अधिक महत्त्वाचे वाटते, कारण धातू कुठे कमी पडेल हे तो आधी सांगू शकत होता.

लेप चढवण्यापूर्वी सगळे मेणकाम पेल्यासकट तोलतात. मेण पाण्यापेक्षा किंचित हलके आणि ब्राँझ पाण्याच्या सुमारे ८.८ पट जड असल्याने मेणाच्या वजनाच्या नऊ ते दहा पट धातू लागतो, आणि वर्गात सरळ दहाने गुणतात. ४०० ग्रॅम मेण असेल तर मुशीत, म्हणजे धातू वितळवण्याच्या भांड्यात, चार किलो ब्राँझ तयार पाहिजे. मध्येच धातू कमी पडला तर नंतर ओतलेला पहिल्याशी एकजीव होत नाही. बाराव्या शतकातल्या कल्याणीच्या चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या 'मानसोल्लास' ग्रंथात मूर्ती ओतण्याची जी कृती दिलेली आहे, तिच्यातही मेण तोलून त्यावरून धातूचे प्रमाण ठरवायला सांगितले आहे.

सिरॅमिक शेलचे, म्हणजे मेणावर चढवायच्या त्या लेपाच्या कवचाचे, काम चिकाटीचे आणि सांगायला कंटाळवाणे आहे. मेण अल्कोहोलने पुसून तेलकटपणा काढायचा, सिलिकाच्या दाट द्रावात बुडवायचे, वर बारीक वाळू पेरायची, सुकू द्यायचे, पुन्हा बुडवायचे. पहिले थर बारीक वाळूचे कारण ठसे तेच उचलतात, पुढचे जाड्या वाळूचे. सात-आठ थर होईपर्यंत खोलीचे तापमान स्थिर ठेवावे लागते, कारण खोली तापली की आतले मेण फुगते आणि अर्धा वाळलेला थर तडकतो.

मेण काढण्याची क्रिया मात्र मला सगळ्या प्रक्रियेतली सर्वांत चतुर वाटते. साधी बुद्धी सांगते की शेल हळूहळू तापवावे म्हणजे मेण सावकाश वितळून वाहून जाईल. तसे केले तर शेल फुटते. मेण वितळण्याच्या आधीच बरेच प्रसरण पावते आणि अजून घन असलेला तो सगळा गोळा शेलला आतून ढकलतो. म्हणून शेल पेला खाली करून एकदम ९०० अंशांच्या आसपास तापलेल्या भट्टीत ठेवतात. मेणाचा बाहेरचा पातळ थर क्षणात वितळून वाहू लागतो, त्यामुळे शेल आणि मेण यांच्यात फट पडते, आणि मग आतले मेण फुगले तरी त्याला जागा असते. प्लास्टर आणि वाळूच्या जुन्या पद्धतीच्या साच्यात याच्या उलट, कित्येक तास संथपणे तापवत न्यावे लागते, कारण तिथे भीती पाण्याच्या वाफेची असते.

ओतण्याच्या दिवशी विद्यार्थ्याने करण्यासारखे थोडेच असते. तांबे १०८५ अंशांना वितळते, त्यात साधारण दहावा भाग कथील असले की वितळण्याचा बिंदू हजाराच्या आसपास येतो, आणि बारीक भागांत धातू धावावा म्हणून तो आणखी शंभरएक अंश तापवून ओततात. शेलही तापलेलेच असते. जमिनीवर कोरड्या वाळूचा थर असतो, कारण सांडलेला धातू काँक्रीटवर पडला तर त्यातल्या ओलाव्याची वाफ होऊन काँक्रीट उडते. चामड्याचा कोट, तोंडावर ढाल, दोघांनी धरलेली मूस, आणि न थांबता, एका धारेत ओतणे. सगळे काही सेकंदांत संपते. व्हेंटमधून धातू वर डोकावला की पोकळी भरल्याची खूण पटते.

शेल हातोडीने फोडल्यावर खेकडा त्या जाळ्यासकट बाहेर आला. आठही पाय टोकापर्यंत आलेले होते. डाव्या नांगीच्या बुडाशी आकसल्याचा एक खळगा पडला होता. तो त्याच मिश्रधातूची सळई वापरून वेल्डिंगने भरला, कानशीने घासला आणि आजूबाजूचा पोत जुळवण्यासाठी छोट्या ठशांनी ठोकून घेतला. ब्राँझ घासताना मेणाची आठवण होते ती वेगळ्याच कारणाने: मेणात जी दुरुस्ती दोन मिनिटांची असते, तिला धातूत अर्धा दिवस लागतो. काही शिल्पकार मेणात काम अर्धेच ठेवून खरी रेखीवता धातूवर छिन्नीने आणावी असे मानतात, आणि पूर्वीच्या अनेक उत्तम ब्राँझशिल्पांत ती पद्धत दिसतेही. मला ती पटत नाही, निदान शिकणाऱ्यासाठी तरी नाही. छिन्नीने उमटलेली कड करकरीत असते, तापलेल्या सुईने उठवलेली कड ओघळती असते, आणि दोन्ही एका खेकड्यावर शेजारीशेजारी आल्या की त्या दोन हातांच्या वाटतात.

पॅटिनासाठी, म्हणजे धातूच्या पृष्ठभागावर रसायनांनी आणायच्या रंगासाठी, ब्राँझ टॉर्चने तापवून त्यावर फेरिक नायट्रेटचे पातळ द्रावण ब्रशने मारले; तांबूस तपकिरी छटा दोन-तीन हातांत जमली, आणि वर मेणाचा पातळ हात देऊन ती बसवली. तांब्याच्या नायट्रेटने येणारी हिरवी छटा खेकड्याला शोभली असती असे काहींचे म्हणणे पडले, पण पाठीवरचे ठसे गडद रंगात अधिक स्पष्ट दिसतात.

सध्या दुसरे काम सुरू आहे, एक उलटी पडलेली चप्पल, आणि या वेळी मेणाला हात लावण्याआधी कागदावर ती कुठल्या कोनात उभी राहील, पेला कुठे येईल आणि अंगठ्याच्या पट्ट्यात धातू दोन्ही बाजूंनी कसा शिरेल याचे रेखाटन केले आहे. पट्टा मुळात जितका बारीक असतो त्यापेक्षा थोडा जाड धरावा लागणार आहे. कांड्यांसाठी मात्र नवे मेण घेणार नाही. शेलमधून वितळून आलेले मेण गाळून घेतले आहे. त्यात वाळूचे बारीक कण राहतात, म्हणून ते शिल्पाच्या पृष्ठभागासाठी निरुपयोगी, पण स्प्रूसाठी अगदी चालते.